सव्विसावं मत

२४ जानेवारी १८६७
राजधानी, मिसेस टकरची खाणावळ

प्रिय थिर्झा,

आधी डॉक्टर फेन्विकना नमस्कार, कारण तुझ्या हाती पडायच्या आत हे पत्र तेच वाचणार. तुमच्या इस्पितळाचा तसा नियमच आहे म्हणे. डॉक्टरसाहेब, माझं अक्षर वाईट आहे, गोड मानून घ्या.

मी पोचलो. शपथ झाली. सिनेटर ओरिन पीसली म्हणतात आता मला. आई असती तर म्हणाली असती, आधी पायपुसण्यावर बूट घास. एका खोलीत आम्ही पाचजण झोपतो, आणि माझ्या शेजारच्या पलंगावरचा मेंबर झोपेतही दुरुस्त्या सुचवतो. सकाळी खारवलेलं डुक्कर आणि मक्याचा पाव, संध्याकाळी मक्याचा पाव आणि खारवलेलं डुक्कर. वीस वर्षं लिलाव पुकारून घसा कमावला होता, तो इथे कामी येतोय. भाषणाला उभा राहिलो की गॅलरीतल्या शेवटच्या म्हाताऱ्यालाही ऐकू जातं. काय बोललो ते विचारू नकोस.

आता मुद्द्याचं लिहितो. डिसेंबरातल्या त्या गुरुवारी तू प्रार्थनासभेत उभी राहिलीस. उभं राहून आपापलं पाप सांगायचं ही आपल्या मंडळींची रीतच. कुणी म्हणतं मी बायकोवर डाफरलो, कुणी म्हणतं मी सायडर जास्त प्यालो, बाकीचे आमेन म्हणतात आणि सगळे घरी जातात. तू उठलीस आणि म्हणालीस, निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी शुगर क्रीक गावच्या मतचिठ्ठ्या मी माझ्या नवऱ्याच्या सांगण्यावरून स्वयंपाकघरातल्या चुलीत घातल्या, आणि म्हणून माझा भाऊ एकेचाळीस मतांनी निवडून आला. त्यावर कुणीच आमेन म्हणालं नाही.

खरंखोटं करायची जागा हे पत्र नव्हे. एल्कनाह तुझा नवरा आहे, गिरणीचा मालक आहे आणि कौंटीत आमच्या पक्षाचा कारभारी आहे. त्यानं दोन डॉक्टर आणले, त्यांनी पंधरा मिनिटं तुला तपासलं, एका कल्पनेनं झपाटलेली असं लिहिलं, आणि नवऱ्याच्या एका सहीवर तुला आगगाडीत बसवलं. मी त्या दिवशी पलीकडच्या कौंटीत लिलावाला गेलो होतो. परत आलो तर तुझ्या दारामागची शाल सुद्धा तशीच खुंटीला होती.

पण ऐक. याच अधिवेशनात एक बिल येतंय. यापुढे सहा माणसांच्या पंचांपुढे बोलू दिल्याशिवाय कुणाच्या बायकोला, आईला असं आत टाकता येणार नाही. आणि जी माणसं आधीच आत आहेत त्यांनाही सुनावणी मागता येईल. बिल म्हाताऱ्या हॅझलटिनचं, पण गल्लीबोळातून मतं गोळा करतोय मी. पन्नास जणांचं सिनेट, मंजुरीला सव्वीस लागतात. मी दोनदा मोजलेत. सव्विसावा मी स्वतः आहे.

तुझी पोर मर्सी बापाजवळ आहे, बरी आहे. तिचा पुढचा दात पडला, शिट्टी वाजवून दाखवत होती. वसंतापर्यंत तू घरी येशील. हा माझा शब्द.

तुझा भाऊ
ओरिन

२ मार्च १८६७
राजधानी

प्रिय थिर्झा,

बिल पडलं. बाजूनं पंचवीसच मतं पडली.

कसं पडलं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. लूथर मॅकिट्रिक म्हणून एक मेंबर आहे, दक्षिणेकडच्या टेकड्यांमधला, विरुद्ध पक्षाचा. उंच, हाडकुळा, वकिली करतो, आणि आमच्या पक्षाचं नाव घेतलं की पिकदाणी शोधतो. सोमवारी तो हातात टोपी घेऊन माझ्या बाकापाशी आला. बायको बाळंतपणात अडलीये, घरी जायचंय, माझ्याशी जोडी बांधाल का म्हणाला.

जोडी म्हणजे काय ते तुला ठाऊक नसेल. दोन पक्षांतले दोघं एकमेकांना शब्द देतात, तू इथे नसशील तोवर मीही मत देणार नाही. म्हणजे गेलेल्याचं नुकसान नको. कागद नाही, साक्षीदार नाही, नुसता हात मिळवायचा. लढाईत एकमेकांवर गोळ्या झाडलेली माणसं इथे समोरासमोर बसतात, तोंडावर एकमेकांना चोर म्हणतात, पण जोडी मोडत नाहीत. मोडणाऱ्याशी पुन्हा कुणी जेवायला बसत नाही.

मी हात दिला. बिल पुढच्या आठवड्यात येणार असं वाटत होतं. ते गुरुवारीच आलं. कारकून नावं पुकारत गेला. माझं नाव आलं तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझी सिनेटर मॅकिट्रिकशी जोडी आहे. आणि खाली बसलो. म्हातारा हॅझलटिन मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. त्याला कमी ऐकू येतं, त्याला वाटलं मी हो म्हणालो. शेजाऱ्यानं त्याच्या कानात सांगितलं तेव्हा त्यानं चष्मा काढला.

मी काय करणार होतो? दिलेला शब्द होता. मॅकिट्रिकची बायको वाचली, मूल गेलं.

पुढचं अधिवेशन दोन वर्षांनी. हे तुला कसं लिहावं म्हणून सकाळपासून तीन कागद फाडले. मिसेस टकर म्हणाली, कागद फुकट येत नाही सिनेटर. तू इस्त्रीघरात काम करतेस असं डॉक्टरांनी कळवलं. हात भाजून घेऊ नकोस. मर्सीला खोकला होता, आता नाही.

तुझा
ओरिन

२२ सप्टेंबर १८६७
मिलब्रूक

प्रिय थिर्झा,

तुझं पत्र मिळालं. वरच्या चार ओळी डॉक्टरांनी शाईनं काळ्या केल्यात, खालच्या तीन केल्यात, पण मधली ठेवलीये. कदाचित तिच्यात त्यांना काही वावगं दिसलं नसेल. तू विचारलंयस, "ओरिन, मला दुसरं काही नको. तुला मी वेडी वाटते का, एवढं एक सांग."

अकरा दिवस झाले, हे पत्र माझ्या टेबलावर आहे. या अकरा दिवसांत मी दोन शेतांचे लिलाव पुकारले, एका विधवेचा पियानो विकला, एकदा दाढी करताना गाल कापून घेतला.

थिर्झा, मी डॉक्टर नाही. एल्कनाह सांगतो, निवडणुकीच्या आधीपासूनच तुझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ताटावरून उठून जायचीस, चुलीशी उभी राहून नुसती बघत बसायचीस. डॉक्टर म्हणतात अशा आजारात माणूस एकच गोष्ट धरून बसतो आणि बाकी सगळं शहाण्यासारखं करतो. ते शिकलेले लोक आहेत. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तू विचारलंस म्हणून सांगितलं, मनाला लावून घेऊ नकोस.

आणि आता माझं एक ऐक. फेन्विकनी मला कळवलंय की तू एवढंच लिहून दे, चिठ्ठ्यांची गोष्ट हा माझ्या मनाचा खेळ होता. एक ओळ. खाली सही. नाताळच्या आत ते तुला घरी पाठवतील. तू म्हणालीस म्हणे की "मी याच हातांनी त्या चुलीत घातल्यात, सही कुठल्या हातानं करू?" अगं बाई, कुठल्याही हातानं कर. देवाला खरं काय ते माहीत आहे, त्याला तुझी सही वाचायची गरज नाही. तू तिथे बसून कुणाला जिंकणार आहेस? मर्सी रोज तुझ्या खुर्चीत बसते, दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. तिच्यासाठी तरी कर.

इकडे सफरचंदं उदंड आलीत. सगळ्या गावाला मुरंब्याचा वास येतोय. मी एकटा माणूस, माझ्या दारात शेजारणींनी सहा बरण्या आणून ठेवल्यात. सिनेटर झाल्यापासून लोकांना मी उपाशी वाटतो.

तुझा भाऊ
ओरिन

३० मे १८६८
मिलब्रूक

थिर्झा,

तू सही केली नाहीस. नाताळ उलटताच तुला तिसऱ्या मजल्यावर नेलं असं कळलं. तिसऱ्या मजल्यावर काय असतं हे मी मेंबर म्हणून एकदा पाहून आलोय, त्यामुळे तू लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे.

तुझं उत्तर मात्र मी पुन्हापुन्हा वाचतो. माझी अपेक्षा होती तू मला शिव्या घालशील. तू लिहिलंस, "बरं झालं सांगितलंस. तुला खरंच तसं वाटत असेल तर तुझ्यावर राग धरून काय करू? त्यांनी तुला फसवलं. फसलेल्या माणसाचा काय दोष? तू माझ्यासाठी प्रार्थना कर, मी तुझ्यासाठी करते." लिहायला बसतो आणि उठतो.

त्यापेक्षा पक्षाचं सांगतो. उमेदवार ठरवायला पक्षाचा राज्यभरचा मेळावा झाला. उपराज्यपालपदासाठी माझं नाव पुढे होतं. सकाळी सहा कौंट्या माझ्यासोबत होत्या, बँड ठरवला होता, माझ्या नावाचे फलक रंगवून तयार होते. दुपारी आपल्याच कौंटीचं नाव पुकारलं. एल्कनाह उठला, कोटाची बटणं लावली आणि आमची सगळी मतं दुसऱ्याला देऊन खाली बसला. नंतर मला दारात भेटला आणि म्हणाला, राग मानू नकोस ओरिन, घरात वेडी बहीण असलेला माणूस उभा केला तर विरोधक तेच धरून बसतील. त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मला हसू आलं. खरंच आलं. लोक बघायला लागले.

फलकांच्या फळ्या चांगल्या होत्या. मी त्या कोंबड्यांच्या खुराड्याला वापरल्या.

एल्कनाहनं आता मला घरी यायला बंदी केलीये, पण मर्सी रविवारी चर्चमध्ये दिसते. उंच झालीये. मी हात हलवला की बापाकडे बघते आणि मग हलवते.

ओरिन

१७ एप्रिल १८६९
राजधानी

प्रिय थिर्झा,

हे पत्र उघडायला डॉक्टर फेन्विकना मनाई आहे. नव्या कायद्याचं तिसरं कलम. पाकीट फोडलेलं दिसलं तर मला कळव.

हो, कायदा झाला. एकतीस मतं. मीही हो म्हणालो. एकतीस जणांत हो म्हणायला काही धाडस लागत नाही. आणला कुणी ते ऐक. मॅकिट्रिकनं आणला. अधिवेशनाच्या पहिल्याच सकाळी कोट टांगायच्या खोलीत त्यानं मला गाठलं. तो बारीक आवाजात बोलतो, वकील ना. म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी माझी तार मिळाली होती का तुम्हाला?"

मी म्हणालो, मिळाली होती.

त्यानं स्वतःचा कोट खुंटीवर लावला, सुरकुती झटकली, आणि आत गेला.

तार कसली ते तुला माहीत नाही. आता सांगतो, कारण लपवून कंटाळलो. जोडीचा एक नियम मी तुला तेव्हा लिहिला नव्हता. एखाद्या बिलावर दोघांचंही मत एकच असेल, तर मागे राहिलेल्यानं खुशाल मत द्यावं. त्यात शब्द मोडत नाही. बिल गुरुवारीच येतंय हे मॅकिट्रिकला वर्तमानपत्रातून कळलं. त्याची बायको पलंगावर, मेलेलं मूल शेजारच्या खोलीत, आणि त्या माणसानं तारघरापर्यंत घोडा नेला. "या बिलावर मी तुमच्याच बाजूचा. जोडी मोकळी. मत द्या." तार सकाळी दहाला मिळाली. नावं बाराला पुकारली. दोन तास ती माझ्या खिशात होती. उभा राहून जोडी आहे म्हणालो तेव्हाही होती.

का, असं तू विचारशील. एल्कनाहचा निरोप आला होता. सुनावणी झाली तर ती सगळ्यांपुढे पुन्हा तेच बोलेल, वर्तमानपत्रं छापतील, मग वरच्या पदासाठी तुझं नाव कोण घेईल, ओरिन? आणि मला वाटलं, ती आजारी आहे, आजारी माणसाला दोन वर्षं जास्त औषधपाणी झालं तर काय बिघडलं. असं मी मनाला समजावलं. तुझा भाऊ भित्रा आहे, थिर्झा. याहून वाईट काही नाही, पण एवढं आहे.

आता पुढचं. तुझी सुनावणी ८ जूनला आपल्या कौंटीच्या कोर्टात आहे. तुझं वकीलपत्र मॅकिट्रिकनंच घेतलंय. मागच्या शनिवारी तो थेट माझ्या लिलावाच्या आवारात आला. मी एका मेलेल्या माणसाच्या घरचं सामान विकत होतो. त्यानं अर्धं सामान विकून होईपर्यंत उभं राहून ऐकलं, आणि मग म्हणाला, "पीसली, एक तर ती बाई वेडी आहे, नाहीतर तुमची निवडणूक खोटी आहे. तिसरं काही नाही. कुठलं ते तुम्हालाच ठाऊक."

मी म्हणालो, मी येईन, ती शांत स्वभावाची आहे, घर नीट ठेवायची, मुलीला जपायची, असं सांगेन. तो म्हणाला, त्यानं भागणार नाही. मी म्हणालो बघू. त्यानं मला दोन बोटांनी सलाम केला आणि गेला. त्यानंतर मी एक चांगलं कपाट अर्ध्या किमतीत घालवलं, माझं लक्षच नव्हतं.

काय बोलेन ते अजून ठरलेलं नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

ओरिन

२० जून १८६९
मिलब्रूक

थिर्झा,

तू नदीपलीकडे मिस कॉपच्या शिवणकामाच्या दुकानात राहतेस असं मॅकिट्रिकनं सांगितलं. हे पत्र त्याच्याच हाती देतोय. वाचायचं नसेल तर वाचू नकोस. पाकिटात मर्सीचं पत्र वेगळं ठेवलंय, तेवढं घे. मुलगी कायद्यानं अजून बापाकडेच आहे, पण एल्कनाह आता मला अडवत नाही. कुणालाच अडवत नाही. गिरणीत जातो आणि घरी येतो.

कोर्टात तू होतीस, तू सगळं ऐकलंस. तरी मला एकदा ओळीनं लिहून काढायचंय, कारण तिथे मी तुटक तुटक बोललो आणि अर्धं राहिलं.

निवडणुकीचा दुसरा दिवस. शुगर क्रीकचा पूल वाहून गेला होता म्हणून तिथली पेटी कोर्टात न जाता तुमच्या घरी आली. सकाळी नऊला मी आलो. तू आत पाव भाजत होतीस. एल्कनाह मला मागच्या ओसरीत घेऊन गेला. तो म्हणाला, बाकीच्या गावांत तू पुढे आहेस, पण ही पेटी मोजली तर पडतोस. शुगर क्रीकवाले सगळे विरोधकांच्या निळ्या चिठ्ठ्या टाकणारे. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तो माझ्या हो ची वाट बघत होता. नाही म्हणालो असतो तर त्यानं केलं नसतं, हेही लिहितो. एल्कनाह वाईट आहे, पण एकट्यानं करणारा नाही.

मी म्हणालो, माझ्या घोड्याचा नाल ढिला झालाय, जरा बघून येतो. आणि अंगण ओलांडून गेलो. नाल घट्ट होता. मी खुराला हात लावून वाकून उभा राहिलो, तुमच्या धुराड्यातून धूर दाट यायला लागेपर्यंत. परत आलो तेव्हा तू मला ताज्या पावाचा तुकडा दिलास आणि हसून म्हणालीस, न वापरता उरलेल्या चिठ्ठ्या जाळायला दिल्यात यांनी, पण उरलेल्या असत्या तर सपाट असत्या ना रे, यांना तर घड्या पडल्यात. टाकलेल्या चिठ्ठीलाच घडी असते. मी पाव खाल्ला. म्हणालो, कागद ओला झाला असेल.

महिनाभर तू ते मनात ठेवलंस आणि मग उभी राहिलीस. आणि उभं राहताना तू माझ्याकडे बघितलंस, थिर्झा. तुला वाटलं, माझा भाऊ आता उठेल आणि म्हणेल, असं असेल तर मला ही जागा नको. मी तिसऱ्या रांगेत होतो. मी प्रार्थनेचं पुस्तक चाळत होतो.

तुला नेलं त्या दिवशी मी लिलावाला गेलो नव्हतो. घरीच होतो. आगगाडीची शिट्टी ऐकली.

हे सगळं मनात घेऊन मी त्या सकाळी साक्षीच्या खुर्चीत बसलो, आणि तरीही मी तू घर कसं नीट ठेवायचीस तेवढंच सांगणार होतो. मॅकिट्रिकनं विचारलं, मी सांगितलं. मग एल्कनाहचा वकील उठला. त्याच्या हातात माझं पत्र होतं. फेन्विकनी माझ्या सगळ्या पत्रांच्या नकला ठेवल्या होत्या. त्यानं वाचलं, 'ते शिकलेले लोक आहेत. माझा त्यांच्यावर विश्वास आहे.' मग पंचांकडे वळून म्हणाला, सख्खा भाऊ, राज्याचा सिनेटर, त्यालाही जी बाई वेडी वाटते, तिला तुम्ही शहाणी ठरवणार? सहाही जणांनी माना खाली घातल्या. पाहिलंस तू. निकाल तिथेच झाला होता. माझ्याच शब्दांनी तू जन्मभर आत जाणार होतीस.

तेव्हा मी बोललो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही, मॅकिट्रिकनं नंतर सांगितलं. "ते पत्र खोटं आहे. बहीण खरी आहे. चिठ्ठ्या जाळल्या. मी ओसरीत होतो."

पंच दहा मिनिटांतच तुला शहाणी ठरवून परतले. दुसऱ्या दिवशी मी सिनेटचा राजीनामा पाठवला. चिठ्ठ्यांचा खटला भरायचा का ते ठरवणारे मोठे पंच मला ऑगस्टात बोलावतील म्हणतात, बोलावू देत. लिलावाला कुणी बोलवत नाही. गावातले लोक मी आलो की गप्प होतात, आणि गंमत म्हणजे त्यांना चिठ्ठ्यांचा राग नाही. त्यांना ते तेव्हाही माहीत होतं. मी सांगितलं याचा राग आहे.

यातलं काही तुझ्याकडून माफी मागायला लिहिलेलं नाही. मी एकच गोष्ट पुन्हा लिहितो, कारण ती मी रोज ऐकतो, आणि मी ती बरोबर ऐकली का हे माझं मलाच तपासायचंय.

निकालानंतर कोर्टाच्या बाहेरच्या बोळात मी तुझ्यापाशी आलो. तू शाल पांघरत होतीस. हात किती बारीक झालेत तुझे. मला वाटलं तू माझ्या गळ्यात पडशील. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. तू शांतपणे विचारलंस, "ते पत्र लिहिताना तुला ठाऊक होतं?"

मी हो म्हणालो.

"पहिल्या दिवसापासून?"

मी हो म्हणालो.

तू शालीची गाठ मारलीस. मग म्हणालीस, "तिसऱ्या मजल्यावर दोन हिवाळे मी एकाच गोष्टीवर काढले, ओरिन. माझ्या भावाला मी खरंच वेडी वाटते, म्हणून तो येत नाही. त्याला कळलं की येईल. बाकी सगळं त्यांनी काढून घेतलं, एवढं ठेवलं होतं. ते तू आज काढून घेतलंस." आणि मग म्हणालीस, "मला सोडवलंस. उपकार झाले. आता जा."

मी गेलो.

ओरिन